गाडी पाणी पीत नाही

गोम्बोची गाडी पाणी पीत नाही, हे माहीत नसलेला माणूस त्या अख्ख्या डोंगरउतारावर शोधून सापडला नसता. कारण गोम्बोने ते सांगायचं कुणाला बाकीच ठेवलं नव्हतं. इतरांच्या गाड्या महिन्याकाठी इंजिन गार ठेवणारं कूलंट बाटली-बाटली गिळायच्या. त्याची जपानी हायब्रिड उलानबातारच्या रस्त्यांवर चार लाख बारा हजार किलोमीटर धावलेली, त्याआधी जपानात कुणी किती पिटाळली ते देव जाणे. पण रोज सकाळी बॉनेट उघडावं, तर टाकीतलं लाल कूलंट आपलं वरच्या रेघेला टेकलेलं. अलीकडे त्याचा लाल रंग जरा उतरला होता, हे खरं. वय झालं की माणसाचेही केस पिकतात, असं म्हणून गोम्बोने ते सोडून दिलं. तीस वर्षं रशियाच्या हद्दीपर्यंत ट्रक हाकलेला माणूस तो. त्याला गाडीतलं शिकवायला जाणार कोण?

घरात मात्र पाण्याचा हिशेब उलटा होता. तीन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोची, दुल्माची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. सोमवार, बुधवार, शुक्रवार शहरातल्या इस्पितळात यंत्राला चार-चार तास जोडून घ्यायचं, तेव्हा कुठे पुढचे दोन दिवस जगायचं. लघवी बंद, म्हणून प्यायचं तेही बंद. चहा, सूप, गोळीबरोबरचा घोट, सगळं धरून दिवसाला अर्धा लिटर. गोम्बो सकाळी एका बाटलीत ते मोजून भरायचा आणि दिवसभर त्या बाटलीवर डोळा ठेवायचा. तिच्या डाव्या हाताची शीर डॉक्टरांनी यंत्रासाठी जोडून फुगवलेली होती. तो हात दाबायचा नाही, त्यावर ओझं द्यायचं नाही, त्यात बांगडी घालायची नाही. तीन वर्षांत गोम्बोने त्या हाताला बोटसुद्धा लावलं नव्हतं. झोपेत लागू नये म्हणून तो तिच्या उजव्या बाजूला झोपायचा.

दुल्माचा भाऊ दर वर्षी पानगळीच्या सुमारास आर्खांगायहून यायचा आणि तिच्या माहेरच्या झऱ्याचं पाणी घेऊन यायचा. चांगले दोन निळे कॅन भरून. हे आर्शान, म्हणजे औषधी झऱ्याचं पाणी. पोट, सांधे, मूत्रपिंड, सगळ्याला गुणकारी. लहानपणी ती त्या झऱ्याला तोंड लावून प्यायलेली. आता ती ते गोम्बोसाठी किटलीत उकळायची आणि त्याला पिताना बघत बसायची. "कसं लागतं रे म्हाताऱ्या?" असं दर वेळी विचारायची. "लोखंड चाटल्यासारखं," असं तो दर वेळी सांगायचा, आणि ती खूश व्हायची.

त्यांचं नमद्याचं गोल घर शेवटच्या बसथांब्यापासून वर पाऊण तासाच्या चढावर होतं. हिवाळ्यात त्या बर्फाच्या घसरगुंडीवर टॅक्सीवाला वर यायला धजत नाही, आणि दुल्माला पन्नास पावलं चाललं की धाप लागते. म्हणून ती गाडी म्हणजे दुल्माचे पाय होते. गाडी आहे तोवर यंत्र आहे, यंत्र आहे तोवर दुल्मा आहे. यात कुणाला काही समजावून सांगायची गरज नव्हती.

नोव्हेंबरच्या सहा तारखेला त्याच शिरेत जंतू शिरून दुल्माला ताप भरला आणि तिला सोळा दिवस इस्पितळात ठेवून घेतलं. आणि संकटं काय एकटी येतात? त्याच आठवड्यात न पिणारी गाडी प्यायला लागली. टाकी आठवड्याला बोटभर उतरायची. गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवला, तर सकाळी पुठ्ठा कोरडा ठणठणीत. मग सकाळी चालू करताना इंजिन मिस मारायला लागलं. पहिलं मिनिटभर अख्खी गाडी अशी हादरायची, की आरशाला बांधलेला खादाग, आशीर्वादाचा निळा रेशमी पट्टा, नाचायचा. मग गप्प व्हायची, जणू काही झालंच नाही.

गोम्बोने स्कॅनर मागून आणला. दुसरा सिलिंडर मिस, असं स्कॅनरने दाखवलं. गोम्बोने चारही प्लग बदलले. फरक नाही. दुसऱ्याची ठिणगी पाडणारी कॉइल काढून तिसऱ्याला लावली, तिसऱ्याची दुसऱ्याला. कॉइल खराब असती तर दोष तिच्याबरोबर तिसऱ्यावर गेला असता. तो दुसऱ्यावरच बसून राहिला. इथेच शहाण्याने ओळखायला हवं होतं की हे ठिणगीचं दुखणं नाही. पण गोम्बोने चारही कॉइल नव्या घातल्या. दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला. त्यातून टाकी उतरली की उणे पन्नासलाही न गोठणारं उत्तम कूलंट आणून ओतत राहिला.

दुल्मा घरी आली तीच खचून. तो तिला पाठुंगळी घेऊन थेट सीटवर बसवायचा. जानेवारी उजाडला तेव्हा कुठे ती आपल्या पायांनी दारापर्यंत यायला लागली. आणि नेमकं तेव्हाच तिसरं नव लागलं. हिवाळ्याच्या नऊ-नऊ दिवसांच्या नऊ नवांतलं ते तिसरं, तीन वर्षांच्या बैलाचं शिंग गोठवणारं. थंडीत इंजिन आखडू नये म्हणून गोम्बो एरवी रात्रीतून दोनदा उठून गाडी चालू करून यायचा. मंगळवारी एकदाच उठला. बुधवारी यंत्रावरून परतताना इंजिन चढाच्या अर्ध्यात धडधडलं, पांढरा धूर ओकलं आणि बंद पडलं. बॅटरीच्या जोरावर गाडी आणखी शंभर पावलं रांगली, मग तीही थांबली.

पाठीमागून शेजारीण सोलोंगो येत होती. शहरातल्या बेकरीत कामाला जाणारी, तिशीची, दोन महिन्यांपूर्वी तशीच पण नवी गाडी घेतलेली. तिने दुल्माला उचलून आपल्या गाडीत घेतलं.

"दादा, शुक्रवारी मी सहाला निघतेच आहे. वहिनींना मी सोडते. पुढचंही बघू, तुम्ही घोर लावून घेऊ नका."

गोम्बोला बरं वाटलं आणि लाजही वाटली. न पिणाऱ्या गाडीच्या गोष्टी त्याने सगळ्यांत जास्त सोलोंगोलाच ऐकवल्या होत्या.

गुरुवारी सकाळी गाडी ओढून योंदोनच्या शेडमध्ये नेली. शेड म्हणजे दोन लोखंडी कंटेनर आणि मध्ये कोळशाची शेगडी. योंदोन पोट सुटलेला, तोंडाचा फटकळ, पण हाताला देवाने बुद्धी दिलेली. ओळीतले सगळे मेकॅनिक हरले की गिऱ्हाईक त्याच्याकडे येई.

"या या, न पिणाऱ्या गाडीचे मालक!" तो म्हणाला. "आज काय, दारू सोडवायला आणलीत का बाईंना?"

"तोंड बंद कर आणि हात चालव."

योंदोनने टाकीच्या तोंडाला हातपंप लावून आत हवा भरली आणि काट्यावर खडूने खूण केली. दोघं चहा प्यायले. तासाभराने काटा निम्म्यावर आला होता, आणि खाली एक थेंब नव्हता.

"बाहेर नाही गळत. म्हणजे आतच कुणीतरी पितंय." त्याने प्लग काढून भोकातून बारीक कॅमेरा सोडला. चार पिस्टनांपैकी तीन काजळीने काळे होते. दुसरा मात्र घासून पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखा लख्ख होता. "हा बघ चोर. गॅस्केटमधून पाणी आत येतंय, वाफ होऊन पिस्टन धुतंय आणि धुराड्यातून जातंय. सकाळी तुझी गाडी हादरते ती म्हणूनच. रात्रभर सिलिंडरमध्ये पाणी साचतं, ते पेटणार कसं?"

"गॅस्केट बदल मग."

"बदलू की." योंदोनने टाकीतून एक थेंब घेऊन काचेच्या नळीवर ठेवला, नळी डोळ्याला लावून उजेडाकडे धरली. मग पुसून दुसरा थेंब घेतला. तिसरा घेतला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा चेष्टेखोरपणा गेला होता. "दादा, खरं सांग. ह्यात पाणी घातलंस ना?"

"कोण, मी?"

"मग काय माझ्या सासऱ्याने? उणे नऊला गोठतंय हे! बाहेर उणे अडतीस आहे. चार वाट्यांतल्या तीन वाट्या पाणी आहे ह्यात."

गोम्बो ताडकन उठला. "योंदोन, माझ्या ट्रकमध्ये थंडीचं इंजिनात पाणी घालणाऱ्या पोराला मी रस्त्यात खाली उतरवलंय. मला तू हे विचारतोस?"

"पाणी आभाळातून तर पडत नाही."

"दुकानदाराने भेसळ केली असेल."

"बरं, प्यायला कधीपासून लागली?"

"नोव्हेंबरच्या सहा तारखेपासून. त्याआधी थेंब नाही."

योंदोनने मान हलवली. "होत नाही तसं. हा पिस्टन दोन महिन्यांत असा धुतला जात नाही. तुझी गाडी दोन वर्षं तरी पितेय. तुला दिसलं नाही, कारण कुणीतरी रोज भरून ठेवत होतं. त्याने सहा तारखेला भरायचं थांबवलं, आणि तुला दिसायला लागलं."

संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून हेड उतरवलं. पाण्याच्या वाटांमध्ये पिवळसर पांढरा थर बसला होता, जाड, खरबरीत. तो थर बघून गोम्बोचे हात थांबले. असा थर नळाच्या पाण्याचा नसतो. त्याने नखाने कपचा काढला, जिभेला लावला आणि थुंकला. लोखंड चाटल्यासारखं लागलं. दर महिन्याला घरातली किटली पालथी करून, चमच्याने खरवडून तो हाच थर काढत होता.

मग त्याला त्याच्या सगळ्या सकाळी दिसायला लागल्या. तो बॉनेट उघडून इंजिनावरची गोधडी काढायचा आणि शेगडीची राख टाकायला मागे जायचा. तेवढ्यात दुल्मा बाहेर येऊन बायकांच्या रीतीप्रमाणे लाकडी पळीने आभाळाला आणि चाकांना दूध शिंपडायची. तो परत येऊन टाकी बघायचा तर टाकी भरलेली. तिच्या दुसऱ्या हातात वाटी असायची. त्याने ती कधी पाहिली नव्हती असं नाही. ती दुधाचीच असेल असं त्याने धरलं होतं.

"काय झालं?" योंदोनने विचारलं.

"काही नाही."

"कुणी घातलं ते कळलं तुला."

"मीच घातलं असेल," गोम्बो म्हणाला. "म्हातारा झालो. विसरलो असेन."

योंदोनने त्याच्याकडे बघितलं. चेष्टा करायला याहून चांगली संधी त्याला जन्मात मिळाली नसती, पण त्याने ती जाऊ दिली. त्याने टॉर्चचा उजेड इंजिनाच्या ब्लॉकवर धरला. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधून केसासारखी एक चीर थेट खाली गेली होती.

"हे गोठल्यामुळे. ताजं आहे, परवाचंच असेल. मागच्या हिवाळ्यात कूलंट एवढं पातळ झालं नसणार, म्हणून निभावलं. दोन वर्षांपूर्वी पाणी उतरताना दिसलं असतं ना, तर नुसतं गॅस्केट बदलून भागलं असतं. दादा, आता ह्याला इलाज नाही. जुनं इंजिन मागवता येईल, पण ते यायला वसंत उजाडेल. तोवर बॅटरीही मान टाकेल. मी तुला खोटी आशा दाखवणार नाही."

गोम्बो चालत घरी गेला. पाऊण तासाच्या चढाला त्याला दीड तास लागला. राग कुणावर काढावा तेच त्याला कळत नव्हतं. दुल्मावर येत होता, आणि येताक्षणी त्याची त्यालाच शरम वाटत होती. जिला घोटभर पाणी मिळत नाही ती बाई वाटीभर पाणी गाडीला देत होती. ह्यात रागवायचं ते काय? आणि रागवायचं नाही, तर मग ही मेलेली गाडी घेऊन माणसाने जायचं कुठे?

दुल्मा शेगडीपाशी बसली होती. "काय म्हणाला योंदोन?"

"गॅस्केट गेलं. ब्लॉकही गेला. वय झालं होतं."

"म्हणजे मेली?"

"मेली."

ती आगीकडे बघत हळूच म्हणाली, "तुला एक सांगू? रागावशील."

"नाही रागावणार."

"तिला तहान लागायची रे. दोन वर्षं झाली. सकाळी तू राख टाकायला गेलास की मी बघायचे, टाकी थोडी उतरलेली असायची. तुला सांगितलं असतं तर तू तिला उघडून बसला असतास, आणि माझ्या फेऱ्या बुडाल्या असत्या. आणि मला वाटलं, तहान काय असते ते मला ठाऊक आहे. मला तर प्यायचं नाही, मग माझ्या वाट्याचं आर्शान हिने प्यावं. मला रोज नेते-आणते, हिचं पुण्य मोठं. मी वाटीभर घालायचे." तिच्या चेहऱ्यावर लहान पोरीसारखी भीती आणि हौस दोन्ही होती. "मी इस्पितळात पडले, वाटी थांबली, आणि तिथूनच ती आजारी पडली. बघ ना, बरोबर तेव्हापासूनच. आता पायांवर उभी राहिले तशी पुन्हा घालायला लागले, पण तोवर उशीर झाला होता. माझ्या माहेरच्या पाण्यानेच तिने एवढा तग धरला होता. हो ना?"

गोम्बोने बूट काढले. ते काढायला त्याने पुष्कळ वेळ लावला.

"हो," तो म्हणाला. "त्यानेच तग धरला."

दुल्माने समाधानाने मान हलवली. तीन वर्षांत तिच्या हातून कुणाचं काही भलं झालंय, असं तिला पहिल्यांदाच वाटत असावं. तो खोटं बोलला याचं त्याला वाईट वाटलं नाही. गाडी तर गेलीच होती. निदान एवढं तरी तिच्यापाशी राहू दे, असं त्याने मनाशी म्हटलं.

शुक्रवारी सहाला सोलोंगोची गाडी दारात आली. पोरगी उत्साहाची. बॉनेट उघडून तिने इंजिनावरची गोधडी काढली आणि ती ठेवायला व वहिनींच्या पायांवर घालायला दुसरी जाड दुलई आणायला आपल्या घराकडे पळाली. गोम्बो दुल्माची पिशवी, औषधं, पाण्याची बाटली घेऊन बाहेर आला. थंडीने नाकातले केस ताठ होत होते. समोर बघतो तर दुल्मा गाडीपाशी पोचलेली. दूध शिंपडून झालेलं, पळी कमरेला खोचलेली, डाव्या हातात वाटी. उजव्या हाताने तिने टाकीचं झाकण काढलंही होतं.

"दुल्मा!"

"अरे हळू! ही पण उतरलीय बघ थोडी. पोरगी पहिल्याच दिवशी आपल्यासाठी एवढं करतेय..."

"दुसऱ्याची गाडी आहे. न विचारता हात लावायचा नसतो."

"आशीर्वाद काय विचारून देतात होय?" ती हसली आणि वाटी वाकवायला लागली.

गोम्बोने पिशवी टाकली आणि झेप घेऊन तिचा हात धरला. डावा हात, मनगटाच्या वर, गच्च. त्याच्या बोटांखाली ती फुगलेली शीर थरथरत होती, चालू इंजिनावर तळहात ठेवावा तशी. चटका बसल्यासारखा त्याने हात सोडला.

दुल्माने आधी आपल्या हाताकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तीन वर्षं झोपेतही ज्याने त्या हाताला लागू दिलं नाही, तो माणूस असा का झडपला, हे समजायला तिला वेळ लागला नाही. आपला माणूस तिला अक्षर न अक्षर वाचता येत होता.

"योंदोन खरं काय म्हणाला?" तिने विचारलं.

"चल, बस गाडीत. उशीर होतोय."

"म्हाताऱ्या, मी काय विचारलं?"

त्याला खाली बघून बोलावं लागलं. "पाणी गोठलं. कूलंट पातळ झालं होतं. आत गोठलं आणि ब्लॉक चिरला."

"माझ्या पाण्याने."

त्याने पडलेली पिशवी उचलली.

"आणि मी घातलं नसतं तर तुला आधीच दिसलं असतं."

"दुल्मा, तुला काय माहीत होतं..."

"म्हणजे मीच मारली." तिचा आवाज अगदी साधा होता, भाव विचारल्यासारखा. "आणि आत्ता हिलाही मारत होते."

तिने टाकीचं झाकण नीट फिरवून लावलं. बरोबर बसलंय ना, ते अंगठ्याने दाबून बघितलं. मग हातातल्या वाटीकडे पाहिलं. पाण्यावर कडेने बर्फाचा पापुद्रा धरायला लागला होता.

"मग हे आता कुणी प्यायचं?" ती म्हणाली.

आणि तिने वाटी तोंडाला लावली. घोट घेऊन ठेवली नाही. डोळे मिटून, मान मागे टाकून, झऱ्याला तोंड लावल्यासारखी प्यायली. तीन वर्षं तिचा एकेक घोट मोजणारा गोम्बो दोन हात दूर उभा होता. वाटी हिसकायला तेवढं अंतर पुरेसं होतं. त्याचा हात उचलला गेला नाही.

दुलई काखेत मारून सोलोंगो पळत आली. "झालं का वहिनी? निघायचं?"

दुल्माने रिकामी वाटी गोम्बोच्या हातात दिली आणि ओठ पुसले.

"अगदी तसंच लागतं अजून," ती त्याला म्हणाली, आणि घराकडे वळली. "पोरी, तू जा कामाला. आज मला यायचं नाही."